गळ आणि नेढं

बोलेटला हेलिकॉप्टरने नेलं त्या दिवशी
टेबलावर मण्यांची कॉलर अर्धी होती.
गळ्यापासून निघालेली, सोळा फेऱ्या झालेली,
अजून खांद्यांपर्यंत न पोचलेली.
सुई तिथेच खोचलेली, दोरा लोंबत.
मी तिच्यावर वर्तमानपत्र पांघरलं.
पुढचे तीन आठवडे मी आणि टुपेर्ना
मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो.

उम्मान्नाकचा सूर्य नोव्हेंबरात जातो
तो फेब्रुवारीत उगवतो.
तोवर दिव्याखाली जे होईल ते.
कोपनहेगनच्या उशीवरून बोलेट म्हणाली,
"मेमध्ये पोरगी चर्चमध्ये उभी राहणार.
मोकळ्या गळ्याने?"
म्हटलं, राकेलकडे देतो.
"राकेलचे डोळे गेले. तुझे आहेत."

मी हलिबट धरणारा माणूस.
बर्फाला भोक पाडून एका दोरावर
दोनशे गळ सोडतो,
हातहात अंतरावर, काळोखात, न मोजता.
म्हटलं तर तेही ओवणंच.
पण सुईचं नेढं शोधताना कळलं
की माझी बोटं म्हणजे
दारातून आत न जाणारी कपाटं.
पहिल्या रात्री सात मणी.
दुसऱ्या रात्री त्यातले पाच उसवले.

लाल दोन, पांढरा एक, निळे तीन,
मग मागच्या फेरीच्या घरातून सुई वर.
टुपेर्ना मोजायची, तोंडात बिस्किट.
"बाबा, चार निळे घेतलेस."
मी कुरकुरत एक परत वाटीत सोडायचो.
आतली फेरी लहान असते.
बाहेर जावं तसे मणी वाढत जातात.
सोपं तू केलंस, फोनवर मी म्हणालो,
आणि मोठं माझ्या गळ्यात मारलंस.
ती हसली. मग खोकली.
मग बराच वेळ पडद्यावर
नुसतं छत दिसत राहिलं.

जानेवारीत निळा संपला.
नवी पुडी आली ती थोडी गडद.
तिचा निळा उन्हाळ्यातल्या खाडीचा,
हा बर्फाच्या भेगेत दिसतो तो.
थांबायला सवड नव्हती. लावला.

त्याच आठवड्यात दोरा तुटला.
मणी शेगडीखाली, बुटांत, गालिच्याच्या झालरीत.
आम्ही गुडघ्यांवर, मध्ये एक विजेरी,
आणि टुपेर्ना एकाएकी रडायला लागली.
मण्यांसाठी नव्हे, एवढं मलाही समजत होतं.
मी वेचत राहिलो.
दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

एप्रिलमध्ये बोलेट परतली.
बोटातली अंगठी पडू नये म्हणून
तिला चिकटपट्टी गुंडाळलेली.
कॉलर मांडीवर घेऊन तिने डोळे मिटले,
तळवा सावकाश बाहेरच्या दिशेने नेला
आणि थांबली.
"इथे," म्हणाली. "इथे मी उठले होते."
रंगावरून नाही, ताणावरून.
माझी वीण आवळलेली, गाठी मासेमारीच्या,
खोल पाण्यातून ओझं ओढायला बांधलेल्या.
"या जोखडात पोर मान कशी वळवणार?"
शेवटच्या दोन फेऱ्या तिने उसवल्या,
मला न विचारता,
आणि सैल हाताने पुन्हा ओवल्या.
बाकीचं राहू दिलं.

मेमध्ये आम्ही तिसऱ्या बाकावर.
नाव पुकारल्यावर टुपेर्नाने आमच्याकडे पाहिलं,
मान वळेना म्हणून
खांद्यांसकट, कमरेसकट, एखाद्या होडीसारखी वळून.
बोलेटने मला कोपर मारलं.
अजून दुखतं म्हणतो मी, ती जवळ असली की.

या हिवाळ्यात बुटात काहीतरी टोचलं.
गडद निळा, एकच.
कॉलर तर कधीची पुरी झालेली.
एका गळाच्या वर, आमिषाला लागून, तो बांधला
आणि बाकीच्यांबरोबर खाली सोडला.

त्या गळाला अजून काही लागलेलं नाही.
रोज सोडतो.